नवा ठसा देण्याआधी जुना ठसा तपासा

संपादक महोदय,

संगणकीय दस्तऐवजांच्या जतनाविषयी चर्चा निघाली की एक विधान हमखास ऐकू येते: आमचा सगळा साठा आता जुन्या हॅश पद्धतीवरून नव्या, भक्कम पद्धतीवर नेला आहे, त्यामुळे तो सुरक्षित आहे. गेली बारा वर्षे मी हस्तलिखितांच्या प्रतिमा आणि जुनी ध्वनिमुद्रणे आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल इतिहासासह जपणाऱ्या संगणकीय व्यवस्थेत, सांभाळण्याचे काम करते आहे, आणि या विधानाचा उत्तरार्ध त्याच्या पूर्वार्धातून निघत नाही, हे मला स्वतःच्या चुकीतून कळले. हॅश पद्धत बदलली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप आहे तो हे स्थलांतर ज्या घाईने आणि ज्या समजुतीने उरकले जाते तिला. स्थलांतराच्या क्षणी डिस्कवर जे काही होते ते त्यानंतर बदललेले नाही, एवढीच ग्वाही नवा हॅश देऊ शकतो. त्या क्षणाच्या आधीची साक्ष फक्त जुन्या हॅशजवळ असते. म्हणून जुना तपासल्याशिवाय नवा देऊ नये आणि नवा दिल्यावरही जुना पुसू नये, हे मला या पत्रातून सविस्तर मांडायचे आहे.

ज्या वाचकांचा या विषयाशी रोजचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. हॅश म्हणजे फाइलमधील सर्व मजकुरावर ठरलेली गणिती प्रक्रिया करून काढलेला, ठरलेल्या लांबीचा आकडा. फाइल चार ओळींची असो वा चार तासांच्या ध्वनिमुद्रणाची, एसएचए-१ या पद्धतीने काढलेला आकडा १६० बिटांचाच असतो आणि नेहमीच्या रीतीने लिहिला तर ४० अक्षरे व्यापतो. एसएचए-२५६ या पद्धतीचा आकडा २५६ बिटांचा, म्हणजे ६४ अक्षरांचा असतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी हा आकडा पार वेगळा येतो, म्हणून आम्ही बोलताना त्याला ठसा म्हणतो. गिट या आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत हा ठसा तपासणीपुरता बाजूला लिहून ठेवलेला नसतो, तर तेच त्या वस्तूचे नाव असते. मजकुराच्या आधी त्याचा प्रकार आणि लांबी सांगणारी छोटी नोंद जोडायची, त्या सगळ्याचा मिळून ठसा काढायचा आणि त्या ठशाच्या नावाने वस्तू ठेवायची, अशी गिटची रीत आहे. फोल्डरची नोंद म्हणजे आतल्या फाइलींची नावे आणि त्यांचे ठसे; कमिट, म्हणजे साठ्याच्या एका टप्प्याची नोंद, यात असतात सर्वांत वरच्या फोल्डरचा ठसा, आधीच्या कमिटचा ठसा, करणाऱ्याचे नाव, वेळ आणि संदेश. त्यामुळे शेवटच्या कमिटचा ठसा हातात असला की त्यामागचा सगळा इतिहास त्याला बांधलेला असतो. दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या फाइलमध्ये कोणी एक स्वल्पविराम बदलला, तर तिथून पुढचा प्रत्येक कमिट वेगळ्या नावाचा होईल आणि फेरफार लपणार नाही. ही रचना मला आजही विलक्षण सुंदर वाटते, आणि या पत्रातील सगळ्या अडचणीही तिच्यातूनच उद्भवतात.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी गिट लिहायला घेतले तेव्हा त्यांनी एसएचए-१ निवडला. ही पद्धत अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली होती आणि सर्वत्र रुळलेली होती. मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले होते, की एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली तयार करायला जितके कष्ट पडावेत अशी अपेक्षा होती, त्यापेक्षा बरेच कमी पडतील. अशा जोडीला आमच्या भाषेत टक्कर म्हणतात. कागदावरची ही शक्यता १२ वर्षांनी प्रत्यक्षात उतरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ ठसा असलेल्या दोन पीडीएफ फाइली जगासमोर ठेवल्या; त्यासाठी त्यांना ९ वर १८ शून्ये मांडावीत एवढ्या गणना कराव्या लागल्या होत्या. जानेवारी २०२० मध्ये गाएतां लरां आणि तोमा पेरँ या संशोधकांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. सुरुवातीचा मजकूर आपल्या मनाप्रमाणे वेगवेगळा ठेवूनही टक्कर घडवता येते हे त्यांनी सिद्ध केले, आणि तिचा खर्च सुमारे ४५ हजार डॉलरपर्यंत आला असल्याचा अंदाज दिला. डिसेंबर २०२२ मध्ये एनआयएसटीने स्वतःच जाहीर केले, की ३१ डिसेंबर २०३० पर्यंत एसएचए-१ चा वापर पूर्णपणे थांबवावा.

या घटनाक्रमातून पुष्कळ लोक असा अर्थ काढतात, की एसएचए-१ ने नाव दिलेली प्रत्येक फाइल आता संशयास्पद झाली. तसे झालेले नाही, आणि हा फरक नीट समजून घेतल्याशिवाय स्थलांतराचा कोणताही निर्णय शहाणपणाने घेता येणार नाही. टक्कर घडवणाऱ्याला दोन्ही फाइली स्वतः तयार कराव्या लागतात. तुमच्या साठ्यात आधीपासून असलेल्या, दुसऱ्या कोणी बनवलेल्या फाइलचा ठसा घेऊन त्याच ठशाची दुसरी फाइल बनवणे ही सर्वस्वी वेगळी आणि कितीतरी अवघड गोष्ट आहे, आणि एसएचए-१ च्या बाबतीत ती कोणालाही साधलेली नाही. म्हणजे धोका आहे तो यापुढे साठ्यात येणाऱ्या, परक्या हातांनी तयार केलेल्या फाइलींपासून. आज कोणी निरुपद्रवी दिसणारी फाइल तुमच्याकडे तपासून घेईल, तिच्या ठशावर तुमची स्वाक्षरी घेईल आणि उद्या त्याच ठशाची दुसरी फाइल तिच्या जागी पुढे करील, असा तो प्रकार आहे. २००८ साली साठवलेल्या आणि तेव्हाच जिचा ठसा कुठेतरी छापून वा स्वाक्षरी करून ठेवलेला आहे अशा फाइलच्या बाबतीत मात्र तो जुना ठसा आजही उत्तम पुरावा आहे, कारण त्या काळात अशी जोडी बनवणे व्यवहारात शक्य नव्हते. आज काढलेला एसएचए-२५६ ठसा गणिताच्या दृष्टीने कितीही बळकट असला, तरी २००८ सालची तारीख त्याला लावता येत नाही.

दुसरी गोष्ट याहूनही कमी बोलली जाते. हल्लेखोरापुढे दुबळा ठरलेला ठसा डिस्कच्या कुजण्यापुढे दुबळा ठरत नाही. चुंबकीय तबकडीवरचा एखादा बिट आपोआप उलटला, केबल सदोष निघाली, नकलताना फाइल मध्येच तुटली, तर हे सगळे एसएचए-१ अचूक पकडतो. एमडी-५ सारखी त्याहून जुनी आणि मोडीत काढलेली पद्धतसुद्धा पकडते. यंत्राच्या बिघाडाला टक्कर शोधण्याची बुद्धी नसते. साठवणुकीच्या कामात माझ्या पाहण्यात आलेले नुकसान जवळजवळ सगळे या दुसऱ्या प्रकारचे आहे. म्हणून जुना ठसा मोडीत निघाला, आता त्याचा उपयोग काय, असे कोणी म्हणते तेव्हा मला वाईट वाटते. तो ठसा अजून अर्धे काम चोख करतो आहे आणि त्या अर्ध्या कामाची गरज स्थलांतराच्या दिवशी सर्वांत जास्त असते.

नुसती टक्करसुद्धा प्रणालीला किती गोंधळात टाकू शकते याचे उदाहरण २०१७ मध्येच पाहायला मिळाले. त्या दोन पीडीएफ फाइली चाचणीसाठी म्हणून वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या साठ्यात टाकल्या गेल्या. तो साठा सबव्हर्जन या प्रणालीवर होता आणि सबव्हर्जन जागा वाचवण्यासाठी एकच एसएचए-१ ठसा असलेल्या फाइली एकच समजून एकदाच साठवत असे. दोन भिन्न फाइली एक मानल्या गेल्या, पुढची तपासणी जुळेना आणि त्या साठ्याचे काम अडले. हल्लेखोर कोणीही नव्हता, तरी हे घडले. गिटमध्ये त्याच दोन फाइलींचे ठसे वेगळे येतात, कारण मजकुराआधी लांबीची नोंद जोडली जाते. परंतु हे संरक्षण नव्हे, कारण ती नोंद धरूनही टक्कर रचता येईल. गिटने त्याच वर्षीच्या मे महिन्यात, २.१३ या आवृत्तीत, टक्करीच्या ज्ञात हल्ल्यांच्या खुणा ओळखून अशी फाइल नाकारणारी एसएचए-१ ची सुधारित गणनपद्धत लागू केली. तिने वेळ मिळवून दिला, आणि मिळालेला वेळ नीट वापरणे हे आता आपले काम आहे.

मग गिटचा साठा एका रात्रीत एसएचए-२५६ वर का नेता येत नाही? वर सांगितलेली साखळी आठवावी. फोल्डरच्या नोंदीत प्रत्येक फाइलचा ठसा २० बाइटांत लिहिलेला असतो. नव्या पद्धतीत तिथे ३२ बाइट लागतात. ती नोंद बदलली की फोल्डरचा ठसा बदलतो, फोल्डरचा बदलला की कमिटचा, आणि पहिल्या कमिटचे नाव बदलले की शेवटच्या कमिटपर्यंत प्रत्येक नाव बदलते. जुन्या साठ्यात एकही अक्षर न बदलता संपूर्ण इतिहास नव्या नावांचा होतो. एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. परंतु कमिटवरच्या आणि टॅगवरच्या (टॅग म्हणजे एखाद्या कमिटला दिलेले कायमचे नाव) डिजिटल स्वाक्षऱ्या जुन्या ठशांसह असलेल्या मजकुरावर केलेल्या असतात. ठसे बदलले की स्वाक्षरी जुळत नाही, आणि ज्यांनी त्या केल्या त्यांतले काही काम सोडून गेलेले असतात, काही हयात नसतात. त्यांच्याकडून पुन्हा स्वाक्षरी मिळणार नाही, आणि त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी ती करणे हा खोटेपणा होईल.

गिटच्या विकासकांनी या प्रश्नाचा जो आराखडा केला आहे तो मला मनापासून आदर्श वाटतो, म्हणून त्याचे सार इथे देते. २०१८ मध्ये एसएचए-२५६ निश्चित झाला. साठा आत नव्या नावांनी ठेवायचा, मात्र प्रत्येक वस्तूच्या जुन्या आणि नव्या नावांची दुहेरी सारणी जवळ बाळगायची, म्हणजे जुने नाव सांगितले तरी वस्तू सापडेल आणि नव्यावरून जुनेही कळेल. स्वाक्षरी तपासायची वेळ आली की या सारणीच्या आधारे त्या वस्तूचे जुने रूप अक्षरशः जसेच्या तसे पुन्हा उभे करायचे आणि स्वाक्षरी त्याच्याशी ताडून पाहायची. एसएचए-२५६ रूपावर केलेल्या नव्या स्वाक्षरीसाठी कमिटमध्ये वेगळी जागा आखून दिली आहे, जेणेकरून एकाच कमिटवर दोन्ही रूपांच्या स्वाक्षऱ्या नांदू शकतील. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या २.२९ या आवृत्तीपासून नवा साठा एसएचए-२५६ वर सुरू करता येतो, आणि ऑगस्ट २०२३ च्या २.४२ मध्ये हे सारे प्रायोगिक असल्याचा कडक इशारा सौम्य करण्यात आला. पण जुन्या पद्धतीच्या साठ्याशी थेट देवाणघेवाण तेव्हाही होत नव्हती. त्या कामाचे सुरुवातीचे भाग त्यानंतरच्या आवृत्त्यांत येऊ लागले. दिरंगाई म्हणून या वेळाकडे बोट दाखवणारे पुष्कळ आहेत. मला त्यात जबाबदारी दिसते, कारण ठसा बदलण्याचे काम सोपे असून जुन्या नावाशी इमान राखण्याचे कठीण आहे, आणि हा सगळा वेळ त्या दुसऱ्या कामाला लागतो आहे.

याच प्रश्नाला फॉसिल या लहान प्रणालीने वेगळे उत्तर दिले. २०१७ च्या त्या घटनेनंतर अवघ्या काही दिवसांत तिची २.० ही आवृत्ती आली आणि तिने एसएचए३-२५६ ही आणखी एक नवी हॅश पद्धत स्वीकारली. मात्र जुन्या वस्तूंना हातच लावला नाही. जुनी वस्तू ४० अक्षरी नावाने आणि नवी ६४ अक्षरी नावाने एकाच साठ्यात शेजारी-शेजारी राहतात. इतिहासाचे नाव बदलत नाही, स्वाक्षऱ्या मोडत नाहीत, सारणी लागत नाही. जुना भाग दुबळ्या ठशावरच उभा राहतो, ही त्याची मर्यादा. पण वर सांगितल्याप्रमाणे जुन्या मजकुराला टक्करीचा धोका थेट नसल्यामुळे ही मर्यादा पुष्कळ संग्रहांना परवडण्यासारखी आहे. प्रत्येक साठा संपूर्णपणे नव्या नावांवर नेलाच पाहिजे असे नाही, हा पर्याय निर्णय घेणाऱ्यांपुढे निदान मांडला तरी जावा.

आता माझ्या चुकीकडे येते, कारण मला हे पत्र लिहायला तिनेच भाग पाडले. प्रतिमा आणि ध्वनिमुद्रणे यांसारख्या अवजड फाइली गिटमध्ये थेट ठेवणे परवडत नाही. त्यासाठी आम्ही गिट-ॲनेक्स हे साधन वापरतो. त्यात गिटकडे असतो तो फक्त एक दुवा, आणि त्या दुव्यात प्रत्यक्ष मजकुराचे साठवण-नाव असते: कोणती पद्धत वापरली, फाइल किती बाइटांची आणि तिचा ठसा काय. मजकूर स्वतः वेगवेगळ्या डिस्कवर असतो आणि कोणत्या डिस्कवर काय आहे याची नोंद साधन ठेवते. आमच्या संग्रहाचा सर्वांत जुना भाग वर्म नावाच्या पद्धतीने ठेवलेला होता. ही पद्धत मजकुराचा ठसा काढतच नाही. फाइलचे नाव, आकार आणि बदलाची वेळ यांवरून साठवण-नाव बनवते. गती मिळते, पण तपासणीच्या वेळी आकार जुळतो की नाही यापलीकडे काही पाहता येत नाही. आमच्याकडे चार प्रती होत्या: एक मुख्य सर्व्हरवर, दोन कामाच्या संगणकांवर आणि एक कपाटात ठेवलेल्या डिस्कवर, जी क्वचितच जोडली जाई.

सगळे एसएचए-२५६ वर न्यायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी सर्व्हरवर स्थलांतराची आज्ञा दिली. साधनाने प्रत्येक फाइल वाचली, तिचा ठसा काढला, दुवे बदलले. मी कमिट केले आणि एकही त्रुटी न दाखवता काम पूर्ण झाले. जुनी साठवण-नावे आता कोणत्याच दुव्यात उरली नसल्यामुळे ती निरुपयोगी वस्तूंच्या यादीत दिसू लागली. वास्तविक जुने आणि नवे नाव एकाच मजकुराकडे बोट दाखवत असल्यामुळे त्यांनी वेगळी जागाही अडवलेली नव्हती. तरीही यादी स्वच्छ दिसावी म्हणून मी ती काढून टाकली. मग दोन्ही संगणकांनी बदल खेचून घेतले. त्यांच्याकडे मजकूर होता, पण जुन्या नावाने. नव्या नावाचा मजकूर आपल्याकडे नाही असे समजून त्यांनी सर्व्हरवरून सगळे पुन्हा उतरवून घेतले, त्यात कित्येक दिवस गेले. तिथेही जुनी नावे निरुपयोगी ठरली. दुसऱ्या संगणकावर ती काढायला गेले तेव्हा साधनाने नकार दिला, कारण कपाटातल्या डिस्कशी संपर्क होत नव्हता आणि त्यामुळे दुसरीकडे प्रत असल्याची खात्री त्याला करता येत नव्हती. त्या नकाराला मी केवळ औपचारिकता समजले आणि सक्तीचा पर्याय वापरून ती काढली.

काही महिन्यांनी एका अभ्यासकाने एका हस्तलिखिताचे पान मागितले. प्रतिमा उघडली तर खालचा अर्धा भाग एकसारखा करडा होता. तपासणी चालवली, तर फाइल निर्दोष असल्याचा निर्वाळा मिळाला, तीनही ठिकाणी. कपाटातली डिस्क जोडली. तिच्यावर जुन्या नावाची प्रतिमा होती, तेवढ्याच आकाराची, आणि तिच्यात संपूर्ण पान शाबूत होते. काय झाले ते मग लक्षात आले. सर्व्हरवरची ती फाइल स्थलांतराच्या कितीतरी आधी बिघडलेली होती आणि आकार तोच असल्यामुळे ते कोणाला कळलेले नव्हते. स्थलांतराने त्या बिघडलेल्या रूपाला भक्कम ठसा देऊन अधिकृत केले, तेच रूप दोन्ही संगणकांवर पसरले आणि तिथली चांगली प्रत मी माझ्या हातांनी पुसली. ती डिस्क त्या वेळी चुकून जोडलेली असती आणि तिच्यावरचीही यादी मी स्वच्छ केली असती, तर ते पान आमच्या संग्रहातून कायमचे गेले असते, कारण मूळ पोथी त्यानंतर पुन्हा पाहायला मिळालेली नाही.

पुढचे काही आठवडे आम्ही डिस्कवरच्या प्रत्येक जुन्या फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढून नव्या साठवण-नावाशी ताडून पाहिला. कोणते जुने नाव कोणत्या नव्याला जुळते हे कळण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे स्थलांतराचा कमिट, ज्यात प्रत्येक दुव्याचे आधीचे आणि नंतरचे रूप दिसत होते. इतिहास आटोपशीर करण्यासाठी तो कमिट दुसऱ्यांत मिसळून टाकण्याची सूचना मध्यंतरी आली होती, आणि ती आम्ही अमलात आणली नव्हती. जिथे ठसे जुळले नाहीत तिथे दोन्ही फाइली उघडून डोळ्यांनी पाहाव्या लागल्या, कारण वर्मच्या नावावरून खरी कोणती हे ठरवण्याचा काहीच आधार नव्हता. तोच भाग पूर्वी एसएचए-१ ने किंवा एमडी-५ नेदेखील ठेवलेला असता, तर सर्व्हरवरची फाइल आपल्या जुन्या ठशाशी जुळत नाही हे स्थलांतराच्या आधीच्या एका तपासणीत उघड झाले असते. दुबळ्या ठशाविषयी वर जे लिहिले ते मी या आठवड्यांत शिकले.

या साधनात पुढे एक चांगली सोय झाली आहे. स्थलांतराची नोंद साधनाच्या स्वतःच्या शाखेत राहते आणि इतर प्रती ती वाचून आपल्याकडचा मजकूर नव्या नावाला जोडून घेऊ शकतात. सगळे पुन्हा उतरवावे लागत नाही. त्याने वेळ आणि जागा वाचते. सर्व प्रतींची आधी परस्परांशी तुलना करण्याची जबाबदारी मात्र माणसावरच राहते. एकाच ठिकाणी ठसा काढून तो सर्वत्र पसरवणे म्हणजे त्या एका ठिकाणाला सर्वांच्या वतीने बोलू देणे होय. निदान दोन स्वतंत्र प्रतींवर नवा ठसा वेगवेगळा काढावा आणि ते जुळले तरच दुवा बदलावा. यात गणनेचा वेळ दुप्पट होतो, आणि तो देण्यासारखा आहे.

आणखी एक गैरसमज दूर करते. अवजड फाइलींचे ठसे एसएचए-२५६ चे झाले म्हणजे साखळी पूर्ण भक्कम झाली असे मानले जाते. गिट-एलएफएस या दुसऱ्या प्रचलित साधनात तर ते आरंभापासूनच एसएचए-२५६ चे आहेत. परंतु तो ठसा लिहिलेला दुवा स्वतः गिटच्या साठ्यात असतो, आणि तो साठा एसएचए-१ वर असेल तर दुवा बदललेला नाही याची हमी अखेर एसएचए-१ च देतो. दुवे छोटे आणि ठरावीक साच्याचे असल्यामुळे त्यांच्यात टक्करीसाठी लागणारा मनमानी मजकूर खपवणे अवघड असते, हे खरे. गिट-ॲनेक्समध्ये दुबळ्या पद्धतींचा मजकूर स्वीकारूच नये असा पर्यायही चालू करता येतो आणि तो प्रत्येक संग्रहाने चालू करावा. तरीही आमचे स्थलांतर झाले असे जाहीर करणाऱ्याने कोणत्या थराचे झाले हे सांगायलाच हवे.

ठशांचा वापर साठ्याच्या बाहेरही होतो, याचा विचार तर क्वचितच केला जातो. कमिटच्या संदेशांत आधीच्या कमिटचे ठसे लिहिलेले असतात. लिनक्सच्या विकासात चूक कोणत्या बदलातून आली हे सांगताना त्या बदलाच्या ठशाची पहिली १२ अक्षरे लिहिण्याचा शिरस्ता आहे. चुकांच्या नोंदवह्या, शोधनिबंध, करारांची परिशिष्टे, तपासणी अहवाल, सगळीकडे हे आकडे उद्धृत होतात, आणि छापील कागदावरचा आकडा कोणतेही साधन बदलू शकत नाही. जुन्या-नव्या नावांची सारणी टाकून दिली तर हे सगळे संदर्भ एका दिवसात मुके होतात. त्यामुळे ही सारणी हा स्थलांतराचा तात्पुरता उपपदार्थ समजला जाऊ नये. तिची नोंद संग्रहातील इतर कोणत्याही दस्तऐवजाइतकीच कायमची असावी, तिच्यावर तारीख आणि करणाऱ्याची स्वाक्षरी असावी, आणि ती साठ्याबाहेरही किमान एका ठिकाणी ठेवलेली असावी.

इतिहास नव्याने लिहून काढणारी साधने वापरून, जुना साठा बंद करून, नवा साठा उघडावा आणि मागे पाहू नये, असे सुचवणारे लोक भेटतात. सुटसुटीतपणाचा त्यांचा आग्रह मला समजतो. दोन नावांचा संसार सांभाळणे कटकटीचे असते आणि ती कटकट वर्षानुवर्षे चालते. ज्या साठ्यावर कोणाची स्वाक्षरी नाही, ज्याचा बाहेर कुठे उल्लेख नाही आणि जो एकाच माणसाच्या वापरात आहे, तिथे त्यांचे म्हणणे मी मान्यही करीन. पण जिथे इतरांनी त्या ठशांवर विसंबून काही लिहिले, छापले वा स्वाक्षरी केली आहे, तिथे ते ठसे आता एकट्या साठाचालकाचे राहिलेले नाहीत आणि सोयीसाठी ते पुसण्याचा त्याला अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या वृत्तपत्रात दस्तऐवजांच्या जतनाविषयी बातम्या आणि लेख येतात, म्हणून आपणाला आणि आपल्या वाचकांना एक विनंती आहे. एखाद्या संस्थेने आपला साठा नव्या हॅशवर नेल्याचे जाहीर केले, की तिला विचारावे: नवा ठसा काढण्याआधी जुना तपासला का, किती स्वतंत्र प्रतींवर तपासला, जुळला नाही अशा फाइलींचे काय केले, आणि जुन्या-नव्या नावांची सारणी कुठे पाहायला मिळेल? ज्यांनी काम नीट केले आहे त्यांच्याजवळ या प्रश्नांची उत्तरे लिखित असतात. ज्यांच्याजवळ ती नाहीत त्यांनी जुनी साठवण-नावे अजून काढली नसतील तर बरेच काही दुरुस्त करता येते, आणि हे सांगण्याची घाई आहे, कारण २०३० ची मुदत जवळ येईल तशी अशी स्थलांतरे वाढत जाणार आणि निरुपयोगी म्हणून दाखवलेल्या याद्या स्वच्छ करण्याचा मोह इतरांनाही होणार.

आमच्या संग्रहाची सारणी आता पूर्ण झाली आहे आणि तिच्या प्रती तीन ठिकाणी आहेत. कपाटातल्या डिस्कवरची जुनी साठवण-नावे आम्ही अद्याप काढलेली नाहीत. उरलेल्या सगळ्या प्रतींवर नवे ठसे स्वतंत्रपणे काढून ते जुळल्याची नोंद होईपर्यंत ती तशीच राहतील.

आपली विश्वासू,
दस्तऐवज-जतनाच्या क्षेत्रात काम करणारी एक वाचक